कॅब्रेराचा मुकुट आणि ट्राउटचं मोल

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. तिकडे रात्र होती. परदेशातून अवेळी फोन आला की काळजात धस्स होतं, तसं झालं. "मामू, इकडे सरळसरळ नाइन्साफी झालीये," तो म्हणाला. मी घाबरून विचारलं, कुणावर? तर म्हणाला, "माइक ट्राउटवर."

ट्राउट कोण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा अमेरिकेतला चुलतभाऊ, एवढंच ज्ञान. पण पोरगा इतका तापला होता की फोन ठेवल्यावर मी वाचायला बसलो. तेव्हापासून दर नोव्हेंबरला आमच्या दोघांत हा एक वाद ठरलेला आहे: या वर्षीचा सगळ्यात मोलाचा खेळाडू कोण? आधीच सांगून टाकतो, त्या दिवशी मी भाच्याच्या विरुद्ध बाजूला होतो. आज नाही. माझं मत का फिरलं ते लिहायला बसलोय.

ज्यांनी बेसबॉल कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये दोन गट आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. मोसम संपला की प्रत्येक लीगमधून एक 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' निवडला जातो, त्यालाच सगळे एमव्हीपी म्हणतात. निवड करतात बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार. लीगमधल्या प्रत्येक शहरातून दोन. प्रत्येक जण दहा नावं क्रमाने लिहितो. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत दहाव्याला १. मतपत्रिका बाद फेरीचे सामने सुरू होण्याआधी द्यावी लागते, म्हणजे पुढे कोण विश्वविजेता झाला याचा तिच्याशी संबंध नसतो. ही पद्धत १९३१ पासून या पत्रकारांच्या संघटनेच्या हातात आहे.

'मोलाचा' म्हणजे काय, हे मात्र नियमांत सांगितलेलंच नाही. उलट स्पष्ट म्हटलंय की याची ठाम व्याख्या नाही, प्रत्येकाने आपापलं ठरवावं. मग काही खुणा दिल्या आहेत. खेळाडूचं आपल्या संघाला प्रत्यक्ष मोल किती, म्हणजे फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण दोन्हीचं बळ. किती सामने खेळला. स्वभाव, निष्ठा, मेहनत. आणि एक महत्त्वाची सूचना: तो विजेत्या संघातलाच असला पाहिजे असं नाही.

आता २०१२ ची गोष्ट. एका बाजूला डेट्रॉइट टायगर्सचा मिगेल कॅब्रेरा. व्हेनेझुएलाचा, वय २९, नावाजलेला फलंदाज. त्या वर्षी त्याची सरासरी .३३०, होम रन ४४ आणि आर.बी.आय. १३९. आर.बी.आय. म्हणजे त्याच्या फटक्यावर किती धावा संघाच्या खात्यात आल्या. तिन्ही आकड्यांत तो लीगमध्ये पहिला. या तिहेरी पहिल्या नंबराला 'ट्रिपल क्राउन' म्हणतात, तिहेरी मुकुट. त्याआधी असा मुकुट १९६७ साली बॉस्टनच्या कार्ल यास्ट्रेम्स्कीने मिळवला होता. मध्ये ४५ वर्षं गेली. एक अख्खी पिढी मुकुट न बघता म्हातारी झाली.

दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिस एंजेल्सचा माइक ट्राउट. न्यू जर्सीतल्या मिलव्हिल गावचा पोरगा, मोसम चालू असताना २१ पूर्ण केलेला. एप्रिलअखेरपर्यंत तो खालच्या लीगमध्ये होता, २८ एप्रिलला वर बोलावलं. १३९ सामने खेळला. सरासरी .३२६, होम रन ३०, आर.बी.आय. ८३. धावा १२९, लीगमध्ये सर्वांत जास्त. चोरलेले बेस ४९, तेही सर्वांत जास्त, आणि धावताना पकडला गेला फक्त पाच वेळा. वर मैदानाच्या मध्यभागी, सेंटर फील्डला, असं क्षेत्ररक्षण की बघणाऱ्याने श्वास रोखावा.

निकाल लागला. २८ पैकी २२ जणांनी कॅब्रेराला पहिलं लिहिलं, सहा जणांनी ट्राउटला. ३६२ गुण विरुद्ध २८१. म्हटलं तर एकतर्फी.

मी भाच्याला म्हणालो, अरे, ४५ वर्षांनी एखाद्याने मुकुट मिळवला आणि तू म्हणतोस त्याला बक्षीस नको? उद्या शाळेत तिन्ही विषयांत पहिला आलेल्या मुलाला डावलून दुसऱ्याला पहिला नंबर देशील? तो म्हणाला, "मामू, शाळेत विषय तीनच असतात का?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे महिनाभर मी त्या तीन विषयांचीच चौकशी करत बसलो, आणि ज्याची चौकशी केली तो विषय हातातून निसटत गेला.

आधी आर.बी.आय. घ्या. हा आकडा वाढायला दोन गोष्टी लागतात. तुम्ही फटका मारला पाहिजे, आणि तुमच्या आधी कुणीतरी बेसवर जाऊन उभं राहिलेलं पाहिजे. कॅब्रेरा तिसऱ्या क्रमांकावर खेळायचा. त्याच्या पुढे सलामीला ऑस्टिन जॅक्सन होता, ज्याचं ते वर्ष फार चांगलं गेलं. म्हणजे कॅब्रेरा बॅट घेऊन आला की बऱ्याचदा समोर ताट वाढलेलं असायचं. ते त्याने फस्त केलं हे खरं, त्याला तेवढी हातोटी होतीच. पण ट्राउट स्वतः सलामीला यायचा. सामन्यातली त्याची पहिली खेळी नेहमी रिकाम्या बेसवर. तिथे होम रन मारला तरी आर.बी.आय. एकच. त्याचं काम स्वतः बेसवर जाऊन दुसऱ्यासाठी ताट वाढण्याचं होतं. वाढणाऱ्याला विचारायचं, तू जेवलास किती? हा कसला हिशेब?

मग सरासरी. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू बाहेर टाकले आणि तुम्ही मोह आवरून ते सोडले, की पहिला बेस फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. फलंदाज बेसवर पोचतो, बाद होत नाही, संघाचा फायदाच. पण सरासरीत याची नोंदच नाही. जणू तो बॅट घेऊन आलाच नव्हता. वॉक धरून किती वेळा बेसवर पोचला असा आकडा काढला तर ट्राउट .३९९ आणि कॅब्रेरा .३९३. म्हणजे ज्या सरासरीत कॅब्रेरा पहिला, तिचाच पुरा हिशेब केला तर ट्राउट त्याच्या किंचित पुढे निघतो.

होम रनमध्ये कॅब्रेरा खरोखर पुढे. ४४ आणि ३० मध्ये वाद नाही. फटक्यांची ताकद मोजणारा जो आकडा आहे, त्यातही कॅब्रेरा .६०६ वर लीगमध्ये पहिला, ट्राउट .५६४. हे मी झाकून ठेवणार नाही. बॅट हातात असताना कॅब्रेरा जास्त धोकादायक होता. एंजेल्सचं घरचं मैदान फलंदाजाला कमी साथ देणारं, हे धरलं तर दोघं जवळजवळ बरोबरीला येतात, एवढंच म्हणता येईल.

पण त्या मुकुटाबद्दल मला जी गोष्ट सर्वांत जास्त खटकली ती वेगळी आहे. त्या वर्षी होम रनमध्ये कॅब्रेराच्या मागे दोघे होते, टेक्सासचा जॉश हॅमिल्टन आणि न्यू यॉर्कचा कर्टिस ग्रँडरसन. दोघांचेही ४३. समजा ग्रँडरसनने मोसमाच्या शेवटी आणखी दोन होम रन मारले असते, तर ४५ झाले असते. कॅब्रेराचे ४४ तसेच राहिले असते, १३९ तसेच, .३३० तसेच. त्याच्या खेळात एका चेंडूचाही फरक पडला नसता. पण मुकुट गेला असता. आणि मुकुट गेला असता तर त्या २२ जणांपैकी किती जण कॅब्रेरासोबत राहिले असते? माझ्या मते बरेच गळाले असते. मग ते बक्षीस कॅब्रेराच्या खेळाला होतं, की ग्रँडरसनच्या न मारलेल्या दोन फटक्यांना?

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "आता आलात रस्त्यावर."

पुढचा रस्ता धावण्याचा. ट्राउटचे चोरलेले बेस ४९ आणि कॅब्रेराचे ४, हे तर उघड आहे. न दिसणारी एक गोष्ट आणखी आहे. बेसबॉलमध्ये एका फटक्यावर दोन जण बाद होऊ शकतात, त्याला डबल प्ले म्हणतात. जमिनीवरून गेलेला फटका, पहिल्या बेसवर आपला एक जण, आणि फलंदाज जड पायांचा, की दोघेही गेलेच. कॅब्रेरा त्या वर्षी असा २८ वेळा अडकला, लीगमध्ये सर्वांत जास्त. ट्राउट ७ वेळा. इथे कॅब्रेराची बाजू घ्यायची तर असं म्हणता येईल की त्याच्यासमोर बेस जास्त भरलेले असायचे म्हणून तो जास्त अडकला. बरोबर आहे. पण मग त्याच भरलेल्या बेसमुळे मिळालेल्या १३९ च्या वेळी ही गोष्ट आठवायला नको का?

आणि क्षेत्ररक्षण. २७ जून २०१२, बाल्टिमोरचं मैदान. जे. जे. हार्डीने मारलेला चेंडू सेंटर फील्डच्या कुंपणाबाहेर चालला होता. ट्राउट पाठमोरा धावला, भिंतीवर झेपावला, आणि हात कुंपणापलीकडे घालून त्याने तो चेंडू परत आणला. होम रनचा झेल झाला. असं त्याने त्या मोसमात एकाहून जास्त वेळा केलं. आता मला सांगा, कॅब्रेराने एक होम रन मारला तर फळ्यावर एक धाव वाढते. ट्राउटने समोरच्याचा एक होम रन परत आणला तर समोरच्याच्या फळ्यावरून एक धाव जाते. सामना जिंकण्याच्या दृष्टीने या दोन्हींत काय फरक आहे? काहीही नाही. फरक एवढाच की पहिली धाव कॅब्रेराच्या नावावर कायमची लिहिली जाते आणि दुसरी कुणाच्याच नावावर लिहिली जात नाही. ती झालीच नाही ना.

कॅब्रेराचे पाठीराखे इथे एक चांगला मुद्दा मांडतात, तो मला आजही पटतो. त्या हिवाळ्यात टायगर्सने प्रिन्स फील्डर हा तगडा फलंदाज घेतला. त्याची जागा पहिल्या बेसवर, आणि तिथे तर कॅब्रेरा खेळायचा. कॅब्रेराने जागा सोडली आणि तिसऱ्या बेसवर गेला, जिथे चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा येतो. एवढा मोठा खेळाडू असं म्हणू शकला असता की मी हलणार नाही, नव्या माणसाला दुसरीकडे पाठवा. नियमांत निष्ठा आणि मेहनत लिहिलंय ते यासाठीच. याचे गुण त्याला द्यावेत. पण तिसऱ्या बेसवर तो खेळला साधारणच. जागा सोडली याचं कौतुक वेगळं आणि तिथे किती धावा वाचवल्या हे वेगळं.

मग येतो सगळ्यात लाडका मुद्दा: टायगर्स बाद फेरीत गेले, एंजेल्स घरी बसले. जो संघाला पुढे नेतो तोच मोलाचा. ऐकायला रास्त वाटतं. पण टायगर्सने जिंकले ८८ सामने आणि एंजेल्सने ८९. कॅब्रेराच्या विभागात ८८ पुरले. ट्राउटच्या विभागात ओकलंडचे ९४ आणि टेक्सासचे ९३ होते, म्हणून ८९ जिंकूनही एंजेल्स तिसरे. एक सामना जास्त जिंकणाऱ्या संघातला खेळाडू हरणारा ठरला, कारण त्याचे शेजारी जास्त तगडे होते. ट्राउट यायच्या आधी एंजेल्सचे ६ विजय आणि १४ पराभव होते. तो आल्यानंतर ८३ विजय, ५९ पराभव. (हे सगळं श्रेय एकट्या ट्राउटला देऊ नका. अल्बर्ट पुहोल्ससारखा महान फलंदाज त्या एप्रिलमध्ये पार थंड होता, त्याचा पहिला होम रन मे महिन्यात आला. तो जागा झाल्याचाही हा परिणाम आहे.)

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हाच घोळ आहे. सामनावीर जवळजवळ नेहमी जिंकलेल्या संघातला. पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू निवडताना हात जरा मोकळा सोडतात. २०२३ च्या विश्वचषकात भारत अंतिम सामना हरला, तरी ७६५ धावा करणाऱ्या विराट कोहलीला ते बक्षीस मिळालं, आणि त्यावर कुणी नाक मुरडलं नाही. तो हरलेल्या संघात होता म्हणून त्याच्या धावा खोट्या ठरल्या नाहीत.

मला हा विषय एवढा का लागला, याचं एक घरगुती कारण आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात टेनिस बॉलची स्पर्धा होती. मालिकावीर ठरवायला तिघांची समिती, त्यात मी एक. आम्ही धावफलकाची वही उघडली, सर्वांत जास्त धावा आणि सर्वांत जास्त षटकार कुणाचे ते पाहिलं, आणि पाच मिनिटांत नाव लिहून मोकळे झालो. चषक दिला, फोटो काढले. मंडप आवरताना त्याच संघाचा यष्टिरक्षक माझ्याकडे आला. सतरा-अठरा वर्षांचा, शांत पोरगा. म्हणाला, "चाचा, एकदा वहीत आमच्या टीमचे बाय किती गेले ते बघाल?" तक्रार नव्हती, नुसतं विचारलं. घरी येऊन मी वही पुन्हा उघडली. पाच सामन्यांत त्याने बायच्या चार धावा दिल्या होत्या. खडबडीत मैदान, उसळणारा टेनिस बॉल. बाकी कुठल्याही संघाच्या बाय वीसच्या खाली नव्हत्या. दोन सामने तर त्याच्या संघाने पाच-सहा धावांनी जिंकले होते. ही माहिती लपलेली नव्हती. 'अवांतर' नावाच्या ओळीत लिहिलेली होती. ती ओळ आम्ही तिघांपैकी एकानेही वाचली नव्हती.

अमेरिकेतल्या आकडेमोडवाल्यांनी नेमकी ही ओळ वाचायचा प्रयत्न केला आहे. त्यांचा 'वॉर' नावाचा एक आकडा असतो. फलंदाजी, धावणं, क्षेत्ररक्षण, कुठल्या जागी खेळतो, मैदान कसं आहे, हे सगळं एकत्र करून ते सांगतात की कामचलाऊ बदली खेळाडूच्या तुलनेत या माणसाने संघाला किती विजय जास्त दिले. २०१२ मध्ये ट्राउट दहाच्या वर होता आणि कॅब्रेरा सातच्या आसपास. भाच्याचा या आकड्यावर पक्का विश्वास. माझा अर्धा आहे. क्षेत्ररक्षणाचं मोजमाप एका मोसमापुरतं फार डगमगतं, आणि दोन वेगवेगळ्या वेबसाइटवर एकाच खेळाडूचा आकडा वेगळा निघतो. एखाद्याचा ५.८ आणि दुसऱ्याचा ५.३ असेल तर त्यावरून निकाल देणारा माणूस स्वतःला फसवतो. पण दहा आणि सात यांच्यातलं अंतर मोजपट्टीच्या चुकीत मावत नाही. आकड्याने निकाल द्यावा असं माझं म्हणणं नाही. त्याने निदान विचारावं, की ही ओळ वाचलीत का?

आणि आकडे नकोत, डोळ्यांनी बघून ठरवू, असं म्हणणाऱ्यांनी जुना इतिहासही बघावा. बॉस्टनच्या टेड विल्यम्सचं पत्रकारांशी कधी पटलं नाही. त्याने १९४२ साली तिहेरी मुकुट मिळवला, एमव्हीपी दुसऱ्याला मिळालं. १९४७ साली पुन्हा मुकुट मिळवला, आणि न्यू यॉर्कच्या जो डिमॅजिओकडून एका गुणाने हरला, २०२ विरुद्ध २०१. मुकुट म्हणजे आपोआप बक्षीस असं २०१२ मध्ये सांगणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९९९ मध्ये पेड्रो मार्टिनेझ या पिचरला पहिल्या क्रमांकाची सर्वांत जास्त मतं मिळाली, आठ. तरी तो हरला, कारण दोन पत्रकारांनी त्याचं नाव दहातही लिहिलं नाही. पिचर पात्र आहेत असं नियमांत असूनही. विजेत्या इव्हान रॉड्रिगेझशी अंतर होतं १३ गुणांचं. त्या दोघांनी त्याला नुसतं चौथं-पाचवं लिहिलं असतं, तरी गुण वाढून तो १३ ला मागे टाकू शकला असता की नाही, हे तुम्हीच बेरीज करून बघा: चौथ्याला ७, पाचव्याला ६. तेरा! बरोबरी.

या बक्षिसाच्या पट्टीवर कित्येक वर्षं केनेसॉ माउंटन लँडिस याचं नाव होतं. हा माणूस १९२० ते १९४४ बेसबॉलचा कमिशनर होता, आणि त्याच्या काळात मेजर लीगमध्ये एकही काळा खेळाडू खेळला नाही. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये आला आणि १९४९ मध्ये नॅशनल लीगचा एमव्हीपी झाला. पुढे बॅरी लार्किन, टेरी पेंडल्टन अशा माजी विजेत्यांनी बोलून दाखवलं तेव्हा कुठे २०२० मध्ये संघटनेने ते नाव काढलं. ज्यांना मैदानातच येऊ दिलं नाही त्यांचं मोल कुठल्या वहीत शोधायचं, याला वॉर काय आणि तिहेरी मुकुट काय, कुणाकडेच उत्तर नाही. पण नाव काढलं हे बरं केलं.

तर माझं मत असं आहे की २०१२ चं बक्षीस ट्राउटचं होतं. कॅब्रेराचा मोसम फार मोठा होता, आणि कुणी त्याला 'वर्षातला सर्वोत्तम फलंदाज' असं वेगळं बक्षीस दिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण प्रश्न मोलाचा होता, आणि मोल म्हणजे सामन्यात झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या धावांचा हिशेब. २०१३ मध्येही कॅब्रेराच पहिला आला आणि ट्राउट पुन्हा दुसरा. मग वारं फिरलं. २०१४ मध्ये ट्राउटला एकमताने मिळालं. २०१६ आणि २०१९ मध्येही मिळालं, आणि त्या दोन्ही वर्षी एंजेल्सने जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त होते. २०१२ मध्ये ज्याला संघ बाद फेरीत गेला नाही म्हणून मागे बसवलं, त्यालाच पुढे त्याहून वाईट संघात असताना बक्षीस. मतदार बदलले म्हणा किंवा शिकले म्हणा.

माझी ही सगळी शिकवणूक २०२५ मध्ये मात्र अडचणीत आली. अमेरिकन लीगमध्ये एका बाजूला न्यू यॉर्क यँकीजचा ॲरन जज. (आडनावच जज, त्यामुळे जज कोण आणि निकाल कुणाचा यावर फोनवर फार गोंधळ होतो.) सरासरी .३३१, लीगमध्ये पहिली, आणि ५३ होम रन. दुसऱ्या बाजूला सिएटलचा कॅल रॅली. हा कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक. फलंदाजामागे उकिडवा बसून तासन् तास चेंडू अडवायचे, कुठला चेंडू टाकायचा ते सांगायचं, आणि वर त्याने ६० होम रन मारले. आधी कुठल्याही कॅचरने एका मोसमात ४८ च्या वर मारले नव्हते. दोघांचेही संघ बाद फेरीत. मतं पडली १७ आणि १३. जज जिंकला, ३५५ विरुद्ध ३३५.

या वेळी फोन मीच केला. मी म्हणालो, निकाल बरोबर आहे. ६० हा गोल आकडा आहे, तिहेरी मुकुटासारखाच डोळे दिपवणारा, पण जज रॅलीपेक्षा कितीतरी जास्त वेळा बेसवर पोचला, आणि तो हिशेब ६० च्या चमकीत झाकला जातो. मला वाटलं भाचा खूश होईल. त्यानेच तर मला हे शिकवलं होतं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मामू, तुम्ही दुसऱ्यांदा यष्टिरक्षकाला पाडलंत."

मी म्हटलं, मग त्याच्या बाय मोजून पाठव. बेसबॉलमध्ये त्याला पास्ड बॉल म्हणतात. त्याने खरंच पाठवलं, नुसत्या पास्ड बॉलचं नाही, प्रत्येक कॅचरने किती धावा वाचवल्या त्याचा भलामोठा तक्ता. अर्धा वाचून झालाय. त्याला अजून उत्तर कळवलेलं नाही.